समन्वयक म्हणून अडीच वर्षं : ऑनर्स, क्रेडिट आणि हातानं भरलेलं पासबुक

जुलै २०२३. प्रवेशाची गर्दी चालू होती. शिपायानं एक कागद आणून टेबलावर ठेवला. चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी 'विद्यार्थी सहभाग व मार्गदर्शन समन्वयक' म्हणून माझी नेमणूक झाली होती. कागदावर मानधनाचा उल्लेख नव्हता आणि कामाचाही नव्हता. प्राचार्यांना जाऊन विचारलं, "सर, नेमकं काय करायचं?" ते म्हणाले, "मॅडम, मुलांना सांभाळून घ्यायचं." पुढची अडीच वर्षं मी त्या एका वाक्यावर काढली.

मी अर्थशास्त्र शिकवते, एका स्वायत्त महाविद्यालयात. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाची रचना आधी स्वायत्त महाविद्यालयांत आली, २०२३-२४ पासून. संलग्न महाविद्यालयांत ती वर्षभरानं आली. त्यामुळे मी जिथे अडखळले तिथे आता बरेच जण पोचत असतील. डिसेंबर २०२५ मध्ये हे काम मी दुसऱ्या सरांकडे सोपवलं. आठवतंय तोवर लिहून ठेवते.

पहिले तीन दिवस नुसतं वाचन केलं. युजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, डिसेंबर २०२२ ची श्रेयांक (म्हणजे क्रेडिट) चौकट आणि राज्याचा २० एप्रिल २०२३ चा शासन निर्णय. पेन्सिल घेऊन बसले तरी पहिल्या वाचनात डोक्यात गेलं ते इतकंच: एक वर्ष झालं की प्रमाणपत्र, दोन झाली की पदविका, तीन झाली की पदवी आणि चार झाली की ऑनर्स. आमच्याकडे सत्राला २२ क्रेडिट, म्हणजे तीन वर्षांचे १३२ आणि चारचे १७६. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचं ३०. याच्या आत विषयांचे प्रकार: मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या शाखेचा, आणि मग एसईसी, व्हीएससी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी अशी आद्याक्षरं. स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ सर म्हणाले, "ही बाराखडी मुलांच्या आधी आपल्यालाच गिरवावी लागणार." खरं होतं ते.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सभागृहात उद्बोधन ठेवलं. २१२ मुलं आणि माझ्या ४२ स्लाइड्स. दीड तास बोलले. शेवटी "काही शंका?" म्हटल्यावर एका मुलानं विचारलं, "मॅडम, पास व्हायला किती लागतात?" बाकी शांतता. बाहेर पडले तर जिन्याजवळ एक मुलगी वाट बघत उभी होती. अगदी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, तीन वर्षांनी सोडलं तरी पदवी मिळते ना? घरी सांगायचंय." माझ्या ४२ स्लाइड्समध्ये ते उत्तर विसाव्या स्लाइडवर एका चौकटीत होतं. त्या एका प्रश्नापायी घरी तिचा प्रवेश अडून बसला होता.

त्या रात्री एका पानाचा कागद तयार केला, मराठीत. वर मोठ्या अक्षरांत: 'तीन वर्षांनी पदवी मिळते. चौथं वर्ष सक्तीचं नाही.' खाली बाकीचं. मागच्या बाजूला कोरा तक्ता: सत्र, विषय, क्रेडिट, मिळाले की नाही, सही. पुढे त्याच तक्त्याची आठ पानांची वही केली आणि मुलांनीच तिला पासबुक म्हणायला सुरुवात केली. क्रेडिटची बँक आहे म्हटल्यावर पासबुक हवंच. जाड कागदाचं मुखपृष्ठ धरून एकीला ९ रुपये, २१२ वह्यांचे १,९०८ रुपये. बिल मंजूर व्हायला पाच महिने लागले, कारण खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा हेच ठरत नव्हतं. शेवटी तो 'स्टेशनरी'त बसला. तुम्हाला असं काही करायचं असेल तर आधी लेखापालांना शीर्ष विचारा आणि मगच छापायला टाका.

ती बँक म्हणजे ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, मुलांचे क्रेडिट ऑनलाइन जमा होतात ती. सगळे तिला एबीसी म्हणतात. तिचा बारा अंकी क्रमांक डिजिलॉकरमधून काढायचा असतो. मला वाटलं होतं, दोन दिवसांत संपेल. सप्टेंबर अख्खा गेला. अडचण कुठे येते हे आधी कळलं असतं तर वाचला असता. आपल्याकडे बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापतात आणि आधारवर बहुतेकांचं शेवटी असतं. कुणाच्या वडिलांच्या नावापुढे 'राव' आहे, कुणाच्या नाही. एका मुलीचं लग्न झालेलं, आधारवर सासरचं नाव, गुणपत्रिकेवर माहेरचं. आणि सगळ्यात मोठा अडसर मोबाइलचा. आधारला जोडलेला नंबर वडिलांचा, वडील कामाला बाहेरगावी गेलेले आणि ओटीपी त्यांच्या फोनवर. मी इथून फोन करायचे, ते तिकडून आकडे वाचून दाखवायचे. एकदा एक आकडा चुकला आणि पुन्हा पहिल्यापासून.

यावरून शिकले ते असं: प्रवेशाच्या वेळीच, मूल आणि पालक दोघंही समोर असताना, आधारला कोणता नंबर जोडलाय ते विचारून घ्यायचं. नाव जुळत नसेल तर आधी आधार केंद्रावर पाठवायचं आणि तिथली पावती जपून ठेवायला सांगायचं. २१२ पैकी १९ जणांचं नाव दुरुस्त करून यायला दिवाळी उलटली.

आता माझ्या चुकीकडे येते. ओपन इलेक्टिव्ह आपल्या विद्याशाखेबाहेरचं घ्यावं लागतं. हे मी स्वतः त्या एका पानाच्या कागदावर लिहिलं होतं. आणि तरीही कला शाखेच्या १७ मुलांना मी कला शाखेचाच पेपर देऊन बसले. झालं असं की वाणिज्यचा वर्ग भरला, वेळापत्रकात जागा उरली नाही आणि घाईत 'तात्पुरतं' म्हणून लिहिलेली यादी तशीच पुढे गेली. परीक्षा अर्ज भरताना परीक्षा विभागातल्या बाईंनी पकडलं. त्या चिडल्या नाहीत, फक्त यादी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "या सतरांचे दोन-दोन क्रेडिट धरता येणार नाहीत."

दोन क्रेडिट म्हणजे ३० तास. दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस रोज दोन तास वर्ग घेतला. वाणिज्यच्या एका तरुण सरांनी शिकवलं. तासिका तत्त्वावर काम करणारे होते ते आणि या जादा तासांचं बिल त्यांना मार्चमध्ये मिळालं. मी रोज वर्गात मागे बसत असे, निदान तेवढं तरी करावं म्हणून. सतरापैकी दोघी गावी गेल्या होत्या, त्यांना परत बोलवावं लागलं. एकीच्या आईनं फोनवर सुनावलं, "चूक तुमची आणि धावपळ आमच्या पोरीची." काय बोलणार? त्यानंतर कोणतीही यादी मी दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घेतल्याशिवाय पुढे पाठवली नाही. शक्यतो दुसऱ्या शाखेच्या माणसाकडून, कारण आपल्या शाखेचा माणूस आपल्यासारखंच वाचतो.

दुसऱ्या सत्रापासून मी गुरुवारी ग्रंथालयाबाहेरच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसायला लागले. खोलीत बसले की मुलं दारातून डोकावून परत जायची. खोलीत शिरायचं तर 'काम' लागतं, व्हरांड्यात ते लागत नाही. पहिल्या दोन गुरुवारी कुणीच आलं नाही, मी पेपर तपासले. तिसऱ्या गुरुवारी एक जण पाण्याच्या नळाकडे जाता जाता थांबला. मग हळूहळू यायला लागले. क्रेडिटचं विचारत यायचे आणि बोलायचे शिष्यवृत्तीबद्दल, वसतिगृहाच्या मेसबद्दल, इंग्रजीच्या भीतीबद्दल. कुणी काय विचारलं ते एका साध्या वहीत तारखेसह लिहून ठेवत गेले. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, फायलीसाठी मेंटॉर-मेंटीचा वेगळा तक्ता भरावा लागतोच, पण त्यात 'शैक्षणिक समस्या', 'वैयक्तिक समस्या' असे रकाने असतात. मेसची पोळी कच्ची असते आणि म्हणून सकाळचा तास बुडतो, हे कोणत्या रकान्यात घालायचं?

सहभागाचं म्हणाल तर त्यातही एक आपटी खाल्ली. पुढे चौथं वर्ष संशोधनाचं घेऊ शकतील अशा मुलांसाठी शनिवारी दुपारी दीड वाजता एक वाचनगट सुरू केला. दर आठवड्याला एक छोटा लेख किंवा एखादा सरकारी अहवाल, त्यावर गप्पा. पहिल्या शनिवारी २६, दुसऱ्या शनिवारी ११, चौथ्या शनिवारी ३. मला वाटलं, मुलांना रस नाही. स्टाफरूममध्ये तसं बोलूनही गेले. त्या तिघांतलाच एक म्हणाला, "मॅडम, एसटी एकची असते. त्यानंतर थेट पावणेपाचला." तोवर मी एसटीचं वेळापत्रक कधी पाहिलंच नव्हतं. गट शनिवारी सकाळी पहिल्या तासाआधी हलवला. एक एसटी साडेसातला येते आणि तास सव्वानऊला सुरू होतो, मधला वेळ मुलं एरवी कट्ट्यावरच काढायची. संख्या १८-२० वर स्थिरावली आणि टिकली. कोणताही उपक्रम आखण्याआधी आगार गाठा, वेळापत्रकाचा फोटो काढा आणि तो टेबलाच्या काचेखाली ठेवा.

त्या गटातल्या मुलींनी दुसऱ्या वर्षीच्या फिल्ड प्रोजेक्टला आठवडी बाजारातल्या भाजीवाल्यांच्या रोजच्या उसनवारीचा हिशोब घेतला. दोन क्रेडिट, म्हणजे ६० तासांचं काम. त्यांनी त्याहून कितीतरी जास्त वेळ घालवला. नियमाप्रमाणे गुण तेवढेच मिळाले. त्यांना वाईट वाटलं आणि मलाही.

जून २०२४ मध्ये पहिला 'एक्झिट' आला. एका मुलाला औद्योगिक वसाहतीत काम मिळालं होतं, घरी गरज होती. त्यानं विचारलं, "मॅडम, एक वर्षाचं प्रमाणपत्र मिळतं म्हणालात ना?" मिळतं, पण नुसतं वर्ष पुरं करून नाही. वर ४ क्रेडिटचा कौशल्याचा अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप लागते आणि ती उन्हाळ्यात करायची असते. उन्हाळा तर संपला होता. कागदावर ही ओळ होती, पण शेवटून तिसरी. तो कसनुसं हसून म्हणाला, "जाऊ द्या मॅडम, कामाला प्रमाणपत्र कुणी मागितलं नाही." त्याचे क्रेडिट एबीसीत जमा आहेत, ते सात वर्षं टिकतात आणि तीन वर्षांच्या आत परत येता येतं, हे त्याच्या पासबुकाच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहून दिलं. मार्च २०२५ मध्ये पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या वर्गांत जाऊन मी एकच प्रश्न विचारला, "यंदा कुणी थांबायचा विचार करतंय का?" हात वर झाले नाहीत. पण पुढच्या गुरुवारी दोघं-तिघं व्हरांड्यात आले.

दुसऱ्या वर्षाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. याद्या, मायनरचे गोंधळ, एनएसएस आणि क्रीडा यांच्या क्रेडिटची नोंद कोण करणार यावरून दोन विभागांची रस्सीखेच. झालं.

तिसरं वर्ष मात्र वेगळं होतं. पाचव्या सत्रात, ऑगस्ट २०२५ पासून, एकच विषय: चौथं वर्ष करायचं की नाही.

संशोधनासह ऑनर्स घ्यायची तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. सहा सत्रांत, म्हणजे पहिलं सत्रही धरून. हे पहिल्या वर्षी सांगितलं होतं, पण अठराव्या वर्षी तीन वर्षांनंतरचं कोण ऐकतं? वाचनगटातली सगळ्यात मन लावून काम करणारी मुलगी गुरुवारी पासबुक घेऊन आली. चार सत्रांची सरासरी ७१. कागदाच्या पाठीमागे आम्ही दोघींनी गणित मांडलं: उरलेल्या दोन सत्रांत सरासरी ८३ मिळाले तरच ७५. तिनं आकडा पाहिला आणि विचारलं, "आणि नाही मिळाले तर?" तर साधी ऑनर्स. १२ क्रेडिटच्या प्रबंधाऐवजी तेवढ्या क्रेडिटचं दुसरं काम. पदवी ऑनर्सचीच. हे ऐकल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आनंद म्हणता येणार नाही. पण ती परत अभ्यासाला लागली.

यात आमच्या विभागाची गोची होती ती वेगळीच. संशोधनासह ऑनर्स चालवायची तर विभागात पीएचडीचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक हवेत. आमच्याकडे एकच. दुसरं पद रिकामं. म्हणजे आकडेमोड करून ८३ मिळवणारी मुलगीसुद्धा आमच्याच विभागात संशोधनाचं वर्ष करू शकणार नव्हती, तिला दुसरं महाविद्यालय शोधावं लागणार होतं. हे तिला सांगायला मला दोन गुरुवार लागले. तुम्ही समन्वयक असाल तर पहिल्याच महिन्यात प्रत्येक विभागप्रमुखाकडून मार्गदर्शकांची संख्या लेखी घ्या. मी ती तिसऱ्या वर्षी घेतली.

सप्टेंबरमध्ये पालकसभा झाली, रविवारी, सकाळी अकराला. साठेक पालक आले, त्यांत आया जास्त. पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे: "एक वर्ष वाया का घालवायचं?" तेव्हा फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. तीन अधिक दोन म्हणजे पाच. चार अधिक एक म्हणजे पाच. तीन वर्षांच्या पदवीनंतर एमए दोन वर्षांचं, चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एक वर्षाचं. एमए करायचंच असेल तर वर्ष वाया जात नाही. मात्र एक वर्षाचं एमए ज्या ठिकाणी करायचंय तिथे ते सुरू आहे का, हे आधी विचारून घ्यावं लागतं. आणि चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर नेटला, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेला, बसता येतं, पीएचडीच्या प्रवेशासाठीही पात्र होता येतं. मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. "मॅडम, माझ्या पोराला तलाठ्याची परीक्षा द्यायचीये." म्हटलं, "मग तीन वर्षं पुरेत, काका. स्पर्धा परीक्षेला पदवी लागते, ऑनर्स लागत नाही." ते खाली बसले. शेजारच्यांना म्हणाले, "बाईंनी सरळ सांगितलं."

कबूल करते, पहिल्या वर्षी मी हे इतकं सरळ सांगितलं नसतं. तेव्हा मला वाटायचं, जितकी मुलं चौथं वर्ष करतील तितकं माझं काम चांगलं. बैठकांमध्ये आकडाही तोच विचारला जायचा. व्हरांड्यातल्या वहीनं ते डोक्यातून काढलं. तिथे लिहिलेलं असायचं: 'धाकट्या भावाचं अकरावीचं शुल्क', 'स्थळ बघतायत, चौथं वर्ष म्हटलं तर वर्षभर थांबतील', 'खोलीभाडं १,८०० परवडत नाही'. त्या स्थळवाल्या मुलीला चौथं वर्ष हवं होतं ते ऑनर्ससाठी नव्हे, वर्षभराच्या मुदतीसाठी. ते कारण माझ्या मते कुठल्याही संशोधन प्रकल्पाइतकंच भक्कम होतं. तिच्या घरी द्यायच्या कागदावर मी फक्त 'पुढील शिक्षणास उपयुक्त' असं लिहिलं.

नोव्हेंबरमध्ये चौथं वर्ष करणार का, याचे अर्ज भरून घेतले. बंधनकारक नव्हते, फक्त अंदाजासाठी. अर्जात 'हो' आणि 'नाही' असे दोनच रकाने ठेवायची सूचना होती, मी तिसरा वाढवला: 'घरी विचारून सांगते/सांगतो'. तिसऱ्या वर्षात १५८ मुलं उरली होती. हो ६१, नाही ३९, घरी विचारून ५८. बैठकीत तिसऱ्या रकान्यावरून थोडं बोलणं झालं. एका सदस्यांचं मत पडलं की असल्या रकान्यामुळे नियोजन होत नाही. दोनच रकाने ठेवले असते तर त्या ५८ जणांनी 'हो'च लिहिलं असतं आणि जूनमध्ये वर्ग रिकामे दिसले असते, असं मी सांगितलं. रकाना राहिला.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कार्यभार दिला. नवीन सर भौतिकशास्त्राचे, माझ्याहून बरेच नीटनेटके. त्यांना कपाटाची किल्ली दिली, तीन वह्या दिल्या, मार्गदर्शकांची यादी दिली आणि सहाव्या सत्रातल्या ओजेटीसाठी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणासाठी, ज्यांनी मुलं घ्यायला होकार दिलाय त्या संस्थांची पत्रं दिली. १२० तासांचं काम आहे, जानेवारीतच मुलं लावून दिली नाहीत तर परीक्षेच्या तोंडावर धावपळ होईल, हे दोनदा सांगितलं. त्यांनी विचारलं, "टेबल व्हरांड्यातच ठेवू का? ऊन येतं तिथे." म्हटलं, मार्चनंतर येतं, तेव्हा खांबाच्या पलीकडे सरकवा.

८३ वाली मुलगी त्याच दिवशी भेटली. पाचव्या सत्राचा निकाल अजून लागायचा होता. तिच्या पासबुकात पाचव्या सत्राचं पान भरलेलं होतं, विषय, क्रेडिट सगळं, फक्त गुणांची जागा कोरी. सही हवी होती. म्हटलं, आता सही सरांची लागेल. ती म्हणाली, "हो, पण या पानापर्यंत तुमचीच करा." केली.